तह झाला, माणूस नाही आला

२५ ऑक्टोबर १९४५ रोजी जावा बेटावरच्या सुराबाया बंदरात ४९ वी भारतीय ब्रिगेड उतरली. ब्रिगेडमध्ये पायदळाच्या तीन पलटणी होत्या. त्यांतल्या दोन मराठ्यांच्या: पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी आणि सहावी पलटण. तिसरी राजपुताना रायफल्सची. घाटावरची, कोकणातली आणि बेळगावकडची ही पोरं आदल्या वर्षी इंफाळच्या डोंगरांत जपान्यांशी झुंजली होती. चौथी मराठा तर सांगशाकच्या वेढ्यात होती. तिथून वाचलेले लोक रात्रीच्या अंधारात, जखमींना सांभाळत, जंगलातून वाट काढत निघाले होते. पुढे मलायाचा किनारा, आणि मलायाहून जावा. जपानने १५ ऑगस्टला शरणागती जाहीर केली होती. २ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात सह्याही झाल्या होत्या. दिवाळी तोंडावर आली होती, त्या साली लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं. लढाई संपली होती, आणि तरीही हे लोक घराच्या दिशेनं न जाता आणखी लांब आले होते.

त्यांना नेमून दिलेलं काम काय होतं? जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायची, आणि तीन-साडेतीन वर्षं नजरकैदेत खितपत पडलेल्या डच नि इतर युरोपीय लोकांना, विशेषतः छावण्यांत कोंडलेल्या बायका-मुलांना, सुखरूप बाहेर काढून मार्गी लावायचं. या एका तपशिलाशी मी पुन्हा पुन्हा अडखळलो आहे. ज्यांनी कित्येक महिने आपल्या बायकोचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांना दुसऱ्यांच्या बायकांना त्यांच्या माणसांपर्यंत पोचवायला पाठवलं होतं. काम पुण्याचं होतं, यात वाद नाही. त्या छावण्यांतल्या बायका उपासमारीनं नि रोगांनी खंगलेल्या होत्या. पण ट्रकच्या पाठीमागे बंदूक घेऊन बसलेल्या शिपायाला घरी कधी सोडणार, हे सांगायला कोणी नव्हतं.

पुढे जे झालं ते इंडोनेशियाच्या शाळेत प्रत्येक मूल शिकतं, आपल्याकडे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. सुकार्नोंनी १७ ऑगस्टलाच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. इंग्रजांच्या पाठीमागून डच पुन्हा येणार, हा सुराबायातल्या लोकांचा संशय खरा होता. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी यांनी स्थानिक पुढाऱ्यांशी समझोता केला होता, तोवर २७ ऑक्टोबरला विमानातून पत्रकं पडली: अठ्ठेचाळीस तासांत हत्यारं खाली ठेवा. २८ ला शहर पेटलं. ब्रिगेड लहान लहान तुकड्यांत शहरभर विखुरलेली होती. एका गल्लीत पाच-पंचवीस, दुसऱ्या चौकात तितकेच. चहूकडून हजारो माणसं त्यांच्यावर धावून आली. छावणीतल्या बायका-मुलांना घेऊन निघालेल्या ट्रकच्या ताफ्यावर हल्ला झाला, तेव्हा त्यांच्या रक्षणाला असलेले भारतीय शिपाई शेवटपर्यंत लढले. २९ तारखेला सुकार्नोंना विमानानं आणून तात्पुरता तह करण्यात आला. ३० ला संध्याकाळी लाल पुलाजवळच्या इंटरनॅशिओ इमारतीपाशी, जिथे सहाव्या मराठाची एक कंपनी अडकली होती, मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरला पाचव्या भारतीय डिव्हिजननं शहरावर मोठा हल्ला चढवला. तो दिवस इंडोनेशियात आजही वीरांचा दिवस म्हणून पाळतात.

मधल्या दिवसांत, तात्पुरता तह आणि मोठा हल्ला यांच्या दरम्यान, आपली दिवाळी होऊन गेली.

सुराबायातल्या लोकांची बाजू न्यायाची होती, हे मला लिहिलंच पाहिजे. स्वतःचा देश गुलाम असलेल्या माणसाला दुसऱ्या देशाचं स्वातंत्र्य दडपायला उभं केलं होतं. नेहरूंनी त्या वेळी याचा जाहीर निषेध केला होता. त्या गल्लीत मेलेला मराठा शिपाई ना हिंदुस्थानसाठी मेला, ना जपानविरुद्धच्या लढाईत. आणि त्याच्या घरी त्याच्या बायकोला कुठली लढाई म्हणून सांगायचं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नसेल.

*

तो प्रश्न मला सातारा जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी घातला. त्यांचे वडील सहाव्या मराठात होते. बाई स्वतः लढाईनंतरच्या, वडील परत आल्यावर जन्मलेल्या. म्हणजे जे सांगितलं ते सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं. पडवीत बसून गहू निवडता निवडता बोलत होत्या.

“लढाई सपली म्हून शाळंत साखर वाटली. आजी आईला म्हनाली, आता येतोय गं, घर सारवून घे. आईनं घर सारवलं. दसरा गेला, दिवाळी गेली. शिमग्याला पुन्यांदा सारवलं.”

मी विचारलं, “आज्जी, आणि पत्र?”

“यायचं की. खुशाल हाय म्हून. पर बाळा, त्याच्या आदी बरं व्हतं. लढाई चालू हाय म्हनल्यावर कुनी इचारत न्हवतं. सपल्यावर समदी इचाराया लागली. पान्यावर गेली की बाया इचारायच्या, लढाई सपली न्हवं? मग तुजा दादला कुटं ऱ्हायला? तिनं काय सांगायचं?”

या बाईंना वडिलांच्या पलटणीचा नंबर पाठ आहे. सुराबाया हे गावाचं नाव मात्र त्यांनी माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. वडील जावाबद्दल बोलत ते फक्त तिथल्या भातखाचरांबद्दल. डोंगराला पायऱ्या पाडल्यात, पाणी वरून खाली खेळवलंय, आणि वर्षातून दोनदा पीक. हे ते नातवंडांनाही सांगत. बाकी काही नाही.

त्यांच्या आईला जे कळलं होतं ते मला कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात सापडलं नाही. लढाई चालू असताना वाट बघायला कारण असतं. त्या कारणाला गावात मान असतो. सरकारी बातम्या असतात, कोणाच्या घरी तार आली याची धास्ती असते, सगळ्या वाडीचा जीव एकाच टांगणीला लागलेला असतो. तह झाला की गाव आपापल्या कामाला लागतं, आणि ज्या घरचा माणूस अजून आलेला नाही त्या घरातली बाई एकटी पडते. तिकडे त्याचंही तेच. गोळ्या चालू असताना उद्याचा दिवस दिसला तरी पुरे असतं. शांततेत मात्र पेरण्या आठवतात, आणि आपण नसताना घरात काय चाललं असेल या विचारानं झोप उडते. विरहाचा खरा जाच तहानंतर सुरू होतो, असं माझं या सगळ्या शोधाअंती मत झालं आहे.

*

साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगे गावाची कीर्ती सगळ्यांनी ऐकली आहे. घरटी एक तरी फौजी. पण पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं पश्चिम महाराष्ट्रात नि कोकणात इतरही कितीतरी गावांत स्मृतिशिला बसवल्या. शाळेच्या भिंतीत, चावडीजवळ, देवळाच्या आवारात त्या अजून दिसतात. मजकूर जवळपास सगळीकडे एकाच साच्याचा: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही, नुसते आकडे. आणि साल लिहिलंय १९१४ ते १९१९.

१९१९. आपण शाळेत शिकलो की युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला संपलं. दगडावर एक वर्ष जास्त आहे, कारण व्हर्सायच्या तहावर सह्या १९१९ च्या जूनमध्ये झाल्या. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाच्या हिशेबात तर पहिलं महायुद्ध ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत चालतं, आणि दुसरं ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत. त्या तारखेच्या आत नोकरीत मेलेला शिपाई युद्धात मेला असं धरतात. कारकुनी सोयीसाठी ठरवलेल्या या तारखा मला पुस्तकातल्या तारखांपेक्षा प्रामाणिक वाटतात, कारण घराघरांतली युद्धं साधारण तेव्हाच संपली.

मेसोपोटेमियाचंच बघा. नोव्हेंबर १९१४ मध्ये शत-अल-अरबच्या मुखाशी जी फौज उतरली तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या. बसरा घेतलं, तैग्रिसच्या काठाकाठानं बगदादच्या वेशीपर्यंत गेले, टेसिफोनला मार खाल्ला, आणि मागे हटून कुट-अल-अमारात अडकले. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, एकशे सत्तेचाळीस दिवस वेढा. शिधा कमी कमी होत गेला, शेवटी घोडे मारून खायची वेळ आली, आणि कित्येक हिंदी शिपायांनी धर्मासाठी ते मांस नाकारून उपास काढले. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. त्यांतल्या हिंदी शिपायांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्या वाटेवर नि त्या छावण्यांत किती मेले, कोण कुठे पडला, याच्या खबरा वर्षानुवर्षं अर्धवटच राहिल्या.

अशा माणसाची बायको कोण? सवाष्ण की विधवा? कुंकू लावायचं की पुसायचं? कायद्यात, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या १०८ व्या कलमात, सात वर्षं ठावठिकाणा नसला तर माणूस मेला असं मानता येई. धर्मशास्त्राची नि रूढीची मुदत बारा वर्षांची. ती उलटली की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. सात आणि बारा यांच्या मधली पाच वर्षं बाईनं कायद्यानं विधवा आणि गावाच्या लेखी सवाष्ण म्हणून काढायची. ज्या जातींत पाट लावायची चाल होती तिथे तिला पुढे एखादी वाट तरी होती. ज्या मराठा घराण्यांत पाट कमीपणाचा मानत, तिथे तीही नव्हती. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, याबद्दल शेजारणी कुजबुजत असतील, आणि ती दारातून ऐकत असेल.

*

ज्यांचा ठावठिकाणा होता, जे बसरा-बगदादच्या छावण्यांत धडधाकट होते, त्यांच्या घरी १९१८ च्या दिवाळीला जे झालं ते आणखी वेगळं.

मे महिन्याच्या अखेरीस मुंबई बंदरात फौजी बोट लागली, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापानं पडले. ही इन्फ्लुएंझाची पहिली लाट. ती बरीच सौम्य होती. पाऊस त्या वर्षी दगा देऊन गेला. धान्य महागलं, जनावरांना चारा उरला नाही. आणि सप्टेंबरात ताप परत आला तो माणसं मारायलाच. मुंबईत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कळस झाला, मग तो घाट चढून आत गेला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणसं गेली. म्हातारे नि पोरं यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची माणसं जास्त, आणि त्यांतही पुरुषांपेक्षा बायका जास्त. सगळ्यांची उस्तवार करणारी तीच, उरलंसुरलं खाणारीही तीच.

३० ऑक्टोबरला तुर्कांशी तह झाला. ३ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. ११ नोव्हेंबरला जर्मनीशीही तह झाला.

हा क्रम नीट लक्षात घ्या. चार वर्षं बायकोनं ज्याच्या जिवाची काळजी वाहिली तो आता सुरक्षित झाला होता, आणि त्याच आठवड्यांत ती माजघरात तापानं फणफणत होती. त्याला सुटी नव्हती, बोट नव्हती. बातमी कळायला टपालाचे कित्येक आठवडे. गावाकडून गेलेलं पत्र त्याच्या हाती पडलं असेल तेव्हा तिचे दिवस-कार्य होऊन गेलेलं असणार. मरायला गेलेला जिवंत आणि घरी राहिलेली गेली, असं शेकडो घरांत झालं असलं पाहिजे. त्या स्मृतिशिलांवर अशा बायकांचा आकडा नाही. त्या युद्धात मेल्या असं कोणी धरलं नाही, जरी तो ताप फौजी बोटींतूनच आला होता.

आणि तह होऊनही फौज परतली नाहीच. मेसोपोटेमिया इंग्रजांना हवा होता, तिथे राज्य करायला शिपाई लागत होते. १९२० च्या एप्रिलमध्ये त्यांना त्या मुलखाचा कारभार रीतसर मिळाला, उन्हाळ्यात सगळा इराक बंड करून उठला. जुलैत रुमैथाला वेढा पडला, आणि त्या लढाईत ११४ वी मराठा पलटण होती. महायुद्ध संपून पावणेदोन वर्षं झाली होती. पंचवीस वर्षांनी सुराबायात जे झालं त्याची ही पहिली आवृत्ती. दोन्ही वेळा परक्याचं राज्य राखायला माणसं थांबवून ठेवली, आणि त्यांच्या घरी कारण कळवलं नाही.

काहींच्या बाबतीत तहानं उलटाच घाव घातला. १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली होती. गावकीच्या जाचातून बाहेर पडायची, अंगावर डगला नि हातात पगार येण्याची ती एकच सन्मानाची वाट होती. युद्धाची गरज सरताच काही वर्षांत ती पलटण मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं. तिथे माणूस घरी आला, पण त्याच्याबरोबर घराचा मानही ओसरला.

*

शिपायाला बायकोची आठवण येत होती, हे आपल्याला कसं कळणार? पत्रांतून कळेल असं वाटतं. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायांच्या टपालाची तपासणी करायला फ्रान्समध्ये बूलोन इथे खास कचेरी होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून ठेवले आणि ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतल्या निवडक पत्रांचं पुस्तक केलं. त्यांत पंजाबी नि पठाणांची पत्रं भरपूर आहेत, मराठी माणसाचा आवाज तुलनेनं थोडा. मराठा पलटणींचा मुख्य भार मेसोपोटेमियात होता, हे एक कारण. पण आपली पत्र लिहायची रीत हे त्याहून मोठं कारण असावं.

पत्र कसं लिहिलं जाई ते डोळ्यांपुढे आणा. शिपायाला बहुधा लिहिता येत नसे. कंपनीत एखादा चार बुकं शिकलेला असे, त्याच्यापुढे पाळी लावून बसायचं. चार माणसं ऐकत असायची. पत्र वडिलांच्या नावे: तीर्थरूप अमुक यांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मी इकडे खुशाल आहे, आपली खुशाली कळवावी. बैलाची जोडी कशी आहे, पाऊस किती झाला, सावकाराचं व्याज दिलं का. धाकट्याला शाळेत घालावं. शेवटी सर्व लहानथोरांस यथायोग्य. मग तो कागद आधी पलटणीचा गोरा साहेब बघणार, मग तपासणी कचेरी. गावात तो पोस्टमन किंवा मास्तर वाचून दाखवणार. सासरा बाजेवर, सासू उंबऱ्यात, शेजारी ओट्यावर, आणि जिच्यासाठी जीव तुटत होता ती दाराआड, पदर सावरून.

एवढ्या माणसांच्या देखत तिला काय म्हणणार? वडीलधाऱ्यांपुढे बायकोला हाक मारायची नाही, नाव तर नाहीच नाही. म्हणून तो तिच्याबद्दल बोले ते आडवळणानं. पोराच्या आईला जास्त कष्ट पडू देऊ नयेत. घरच्या मंडळींना माहेरी पाठवायचं असेल तर जरूर पाठवावं. मागच्या पत्रात धाकट्याच्या आजारपणाचं लिहिलं, पण बाकीच्यांचं काहीच लिहिलं नाही, तरी सविस्तर लिहावं. या “बाकीच्यांचं” मध्ये काय आहे ते वाचणाऱ्या मास्तराला कळत असेल, दाराआडच्या तिला तर नक्कीच. ज्यांना ही पत्रं कोरडी वाटतात त्यांनी ती पुन्हा वाचावीत. पेरणीचे प्रश्न विचारणारा माणूस पेरणी कोणाच्या हातानं होतेय हेच विचारतो आहे.

तिच्याकडून तर कागदच नाही. तिचं बोलणं जात्यावर. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर जातो. त्यांत बाई आईबद्दल, बापाबद्दल आणि भावाबद्दल भरभरून गाते. नवऱ्याबद्दल गाताना मात्र तिचा आवाज जपून निघतो, कारण दुसऱ्या बाजूला खुंटा धरून बहुधा जाऊ नाहीतर सासू बसलेली असते. तिकडे पत्रात तो अडलेला, इकडे जात्यावर ती अडलेली.

मनीऑर्डर मात्र न अडता येई. १८८० पासून टपाल खातं ही सोय देत होतं, आणि कोकणातल्या कित्येक गावांची चूल तिच्यावरच पेटत असे. पहिल्या महायुद्धात साध्या शिपायाचा मूळ पगार महिना ११ रुपये, त्यावर भत्ता. त्यातला जमेल तेवढा भाग घरी यायचा, वडिलांच्या नावे. पोस्टमन ओट्यावर बसे, शाईचा डबा काढी, म्हातारा अंगठा उठवी, साक्षीदार सही करी. पैसे सासऱ्याच्या कनवटीला जात. फॉर्मच्या तळाशी जी चिठ्ठी असे ती फाडून मिळे. तिच्यावर दोन ओळी मावत. खुशाल आहे. कळावे. पैसे कोणाच्याही हाती जावोत, ती चिठ्ठी मात्र पुष्कळ घरांत बायकोकडे यायची. सातारच्या त्या बाईंच्या आईनं अशा चिठ्ठ्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या. वाचता येत नव्हतं. तरी तिनं त्या टाकल्या नाहीत.

पैशावरून भांडणंही होत. सासू म्हणे, माझ्या पोराचा पगार. ती गप्प बसे. बैल विकायचा की ठेवायचा, खंडाची जमीन पुढच्या साली करायची की सोडायची, पोरीचं लग्न कुठे जमवायचं, या सगळ्यांत तिचं मत कोणी रीतसर विचारत नसे आणि काम मात्र तिच्याच हातचं असे. मला या बायकांच्या सोशिकपणाचं कौतुक करवत नाही. त्या सोसत होत्या कारण दुसरी सोय नव्हती. पण शेतं पडीक पडली नाहीत, गोठे रिकामे झाले नाहीत, पोरं जगली, ही त्यांची कमाई होती. आपण शौर्याचा इतिहास लिहितो तेव्हा ती जमेला धरायला हवी.

*

दुसऱ्या महायुद्धाअखेर हिंदुस्थानी फौज सुमारे २५ लाखांची होती. सगळ्यांना एका दमात घरी पाठवणं अशक्य होतं, बोटी अपुऱ्या होत्या, हे मान्य. तरी कोणाला आधी सोडायचं आणि कोणाला कुठे गुंतवायचं हे ठरवणारे हात आपले नव्हते.

पहिल्या मराठा पलटणीचं उदाहरण बोलकं आहे. ती इटलीत होती. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर तिच्या नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन आणलं, शत्रूची ठाणी उद्‌ध्वस्त केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. महिन्याभरात युरोपातलं युद्ध संपलं. पलटण मायदेशी आली. आणि १९४६ मध्ये तीच पलटण २६८ व्या ब्रिगेडबरोबर जपानला रवाना झाली, राष्ट्रकुलाच्या ताबा फौजेत. या ब्रिगेडचं नेतृत्व तिथे थिमय्यांनी केलं. हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली जगापुढे ताठ मानेनं उभं राहायची ती संधी होती आणि पलटणीनं तिचं सोनं केलं. पण नुकतं कुठे घर लागलेल्या माणसाच्या बायकोनं पुन्हा एकदा पिशवी भरून दिली असेल, त्याचाही विचार मनात येतो. देश स्वतंत्र होण्याच्या वाटेवर होता आणि तो हिरोशिमाच्या आसपासच्या मुलखात पहारे देत होता.

त्या काळात मुंबईत कोणी तरी मोठ्यानं म्हटलं की आमची माणसं परत आणा. १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या नौदलाच्या ठाण्यावर खलाशांनी संप पुकारला. अन्न, पगार, वागणूक यांच्या तक्रारींबरोबर त्यांच्या मागण्यांत एक राजकीय मागणी होती: इंडोनेशियातून हिंदी फौजा मागे घ्या. परळ-लालबागचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. गोळीबारात दोनशेच्या वर माणसं मेली. त्या गिरण्यांत सातारा-रत्नागिरीचीच माणसं होती, आणि त्यांचे भाऊ-भाचे पलटणीत. पुढाऱ्यांच्या सल्ल्यानं संप मिटला. शेवटची ब्रिटिश-हिंदी तुकडी इंडोनेशियातून निघायला नोव्हेंबर १९४६ संपावा लागला. तरी मी त्या खलाशांचा ऋणी आहे. घरी वाट पाहणाऱ्या बाईच्या मनातली गोष्ट त्यांनी मागणी म्हणून कागदावर लिहिली.

*

माणूस येई तेव्हा काय होई, याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मुंबईला बोट लागे, कागद होत, कोकणातला असेल तर तो आगबोटीनं दाभोळ, जयगड, मालवण गाठी. पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणजे कोल्हापूरवरून घाट उतरून चालत. घरी पोचल्यावर लिंबलोण उतरलं जाई. धाकटं मूल त्याला ओळखत नसे, आईच्या मागे लपे. बायकोनं त्याच्यामागे घर चालवलेलं असे, तिच्या हाताला त्याच्या गैरहजेरीची सवय झालेली. तो रात्री दचकून उठे, तिला कारण ठाऊक नसे. नव्यानं ओळख व्हायला वेळ लागे. काही घरांत ती झालीच नाही. दारू, संशय, आणि पलटणीच्या सवयीनं उठता-बसता हुकूम सोडणं, हेही त्या परतण्यात होतं आणि ते सोसणारी तीच होती. काही घरांत मात्र ही माणसं शेवटपर्यंत एकमेकांना सोडून यात्रेलाही गेली नाहीत.

सातारच्या बाईंनी सांगितलं, “अण्णा आल्यावर आईनं पैल्यांदा इचारलं, एवढं दीस काय करत व्हतास? अण्णा म्हनाले, लोकांची घरं लावत व्हतो. आई म्हनाली, आनि आपलं?”

वडिलांनी काय उत्तर दिलं ते आईनं लेकीला सांगितलं नाही.

आता हे सांगू शकणारी पिढीही ऐंशीच्या घरात आहे. लंडनला तपासनिसांनी जमवलेले उतारे जपून ठेवलेत. बसऱ्याच्या स्मारकावर हजारो हिंदी शिपाई नावाऐवजी नुसते आकडे म्हणून नोंदले गेले, ती चूक युद्धसमाधी आयोगानं आता मान्य केली आहे. पण मनीऑर्डरीच्या चिठ्ठ्या, छापील फौजी पोस्टकार्डं, नोकरीतून सुटल्याचे दाखले, हे सगळं आपल्याच घरांत आहे. माळ्यावर नंबर रंगवलेली काळी ट्रंक असेल तर ती दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका. कागद उन्हात न वाळवता सावलीत पसरा, फोटो काढा, पलटणीचा नंबर नि गावाचं नाव लिहून ठेवा. आणि घरात जुनी बाई असेल तर तिला लढाईबद्दल विचारू नका, ती म्हणेल मला काय कळतंय. लढाई संपल्यावर किती दिवसांनी आले, तोवर घरात कोण कोण होतं, पैसे कोणाच्या हातात यायचे, त्या साली शेत कोणी केलं, एवढं विचारा.